झांबियाचे तांबे, चीनची मागणी आणि न भरलेला सव्वाचार कोटी डॉलरचा हप्ता

१४ ऑक्टोबर २०२० रोजी झांबियाच्या सरकारला ४ कोटी २५ लाख डॉलर व्याज भरायचे होते. २०१४ साली साडेआठ टक्के दराने विकलेल्या १ अब्ज डॉलरच्या रोख्यांचा तो सहामाही हप्ता. तो भरला गेला नाही. सवलतीचे तीस दिवसही संपले आणि १३ नोव्हेंबरला करोनाकाळात परकीय रोखे थकवणारा आफ्रिकेतला पहिला देश म्हणून झांबियाची नोंद झाली.

या घटनेत एक गोष्ट खटकते. त्या आठवड्यात लंडन धातू बाजारात तांब्याचा भाव टनाला ७,००० डॉलरच्या आसपास होता. २००२ च्या सरासरीच्या तो साडेचार पट भरतो. त्याच वर्षी झांबियाच्या खाणींनी सुमारे ८.८ लाख टन तांबे काढले. देशाच्या इतिहासात तोवर एका वर्षात एवढे तांबे निघाले नव्हते. भाव चढा, उत्पादन विक्रमी आणि तरीही देश थकबाकीदार. वेगाने वाढणाऱ्या अर्थव्यवस्थेला कच्चा माल विकणाऱ्या देशाचे काय होते, हे समजून घ्यायला याहून चांगले प्रकरण सापडणे कठीण. झांबिया चुकला हे खरे, पण नेमका कुठे चुकला हे आकडे मांडल्याशिवाय दिसत नाही.

तेजीपूर्वीची स्थिती

किटवे, चिंगोला, मुफुलिरा, लुआन्श्या या गावांचा कॉपरबेल्ट, म्हणजे तांब्याच्या खाणींचा पट्टा, हाच देशाचा कणा. १९६४ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा झांबिया जगातल्या मोठ्या तांबे निर्यातदारांपैकी एक होता. १९६९ मध्ये उत्पादन ७ लाख टनांच्या पुढे गेले आणि त्याच सुमारास सरकारने खाणींचे ५१ टक्के भाग ताब्यात घेतले. १९७४-७५ मध्ये भाव कोसळला. ही घसरण तात्पुरती आहे असे समजून सरकारने कर्ज काढून खर्च चालू ठेवला. भाव मात्र पंचवीस वर्षे धड सावरला नाही. यंत्रे जुनी झाली, खाणींत पाणी साचले आणि २००० पर्यंत उत्पादन अडीच लाख टनांवर उतरले.

१९९७ ते २००० या काळात खाणी विकल्या गेल्या, त्या पडेल किमतीला. चीनच्या सरकारी कंपनीने १९९८ मध्ये चांबिशीची बंद खाण सुमारे २ कोटी डॉलरला घेतली. २००४ मध्ये वेदान्तने कोंकोला खाणींचे ५१ टक्के भाग घेतले, त्यासाठी रोख अडीच कोटी डॉलर मोजले. विक्रीच्या करारांत रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या मालाच्या किमतीतला सरकारचा हिस्सा, होती ०.६ टक्के. कर वर्षानुवर्षे बदलायचा नाही अशी अटही होती. विकणाऱ्याची अडचण त्या प्रत्येक कलमात दिसते. अडचणीत केलेले असे करार तेजी आली की बोचू लागतात, आणि इथे तेजी लगेचच आली.

चीनने नेमके काय बदलले

देश शेतीकडून शहराकडे सरकतो त्या टप्प्यावर तांब्याची गरज उत्पन्नापेक्षाही वेगाने वाढते. वीजवाहिन्या, रोहित्रे, घरातली वायरिंग, पंपाची मोटर, वातानुकूलन यंत्राची नळी, रेल्वेची विद्युत तार, या सगळ्यांत तांबे लागते आणि हे सगळे एकदमच उभे राहत असते. २००० च्या आसपास जगातल्या शुद्ध तांब्यापैकी साधारण आठवा हिस्सा चीन वापरत होता. २००२ मध्ये त्याने अमेरिकेला मागे टाकले आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत जगाच्या एकूण वापराचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या चीनचा झाला.

पुरवठा मात्र इतक्या चपळाईने हलत नाही. नवी खाण सापडल्यापासून पहिला माल निघेपर्यंत दहा-दहा वर्षे जातात. त्यामुळे मागणी अनपेक्षितपणे वाढली की सुरुवातीची काही वर्षे माल वाढत नाही, फक्त भाव वाढतो. २००२ मध्ये टनाला सरासरी १,५६० डॉलर असलेला भाव २००६ मध्ये ६,७०० च्या वर होता.

झांबियाच्या कमाईतली वाढ म्हणूनच दोन भागांत फोडून पाहावी लागते. २००२ मध्ये उत्पादन सुमारे ३.३ लाख टन होते, २००८ मध्ये ५.७ लाख टन. म्हणजे माल १.७ पट झाला. याच काळात वार्षिक सरासरी भाव १,५६० वरून ६,९५० वर गेला, म्हणजे साडेचार पटीच्या जवळ. गुणाकार केला तर मूल्य साडेसात पटीहून अधिक होते आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा भावाचा निघतो. खाणीत जास्त राबून किंवा नवे यंत्र आणून मिळवलेली कमाई उरलेली एक चतुर्थांश. बाकीची बीजिंगमधल्या निर्णयांवर अवलंबून होती. अर्थसंकल्प मांडणाऱ्याने हा आकडा दर वर्षी डोळ्यांसमोर ठेवायला हवा होता.

भाव वाढला, पैसा कोणाकडे गेला

सुरुवातीची काही वर्षे सरकारकडे फारसे काही आले नाही. टनाला ६,७०० डॉलर भाव असताना ०.६ टक्के रॉयल्टी म्हणजे ४० डॉलर. नफ्यावर कर होता, पण आधी साचलेला तोटा आणि भांडवली खर्च त्यातून वजा होत असल्याने अनेक खाणींचा करपात्र नफा नावापुरताच उरत होता.

एप्रिल २००८ मध्ये सरकारने जुने करार बाजूला ठेवून नवी करपद्धत आणली. रॉयल्टी ३ टक्के केली आणि तिच्या जोडीला चढत्या भावावर अतिरिक्त कर लावला : भाव पौंडाला अडीच डॉलरच्या वर गेला की २५ टक्के, तीनच्या वर ५० टक्के, साडेतीनच्या वर ७५ टक्के. साडेतीन डॉलर पौंड म्हणजे टनाला सुमारे ७,७१५ डॉलर. जुलैमध्ये भाव ८,९०० च्या पुढे होता. डिसेंबरअखेर तो ३,००० च्या खाली आला. लुआन्श्याची खाण बंद पडली आणि २००९ मध्ये अतिरिक्त कर मागे घेतला गेला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी २०११ मध्ये, भावाने १०,००० ओलांडले, तेव्हा वसूल करायला तो कर शिल्लकच नव्हता. कर लावायला उशीर झाला आणि काढायला घाई. कर चढत्या भावावरचा होता. भाव पडला की तो आपोआप शून्य होत होता, त्यामुळे तो रद्द करण्याची काहीच गरज नव्हती असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या सहा महिन्यांत निर्यातदाराच्या हिशेबात काय झाले ते एका ट्रकवर पाहू. तांबे विकले जाते तेव्हा भाव ठरलेला नसतो. माल निघताना तात्पुरते बिल होते, खरेदीदार साधारण ९० टक्के रक्कम देतो आणि अंतिम भाव माल पोहोचल्यानंतरच्या ठरावीक महिन्याच्या सरासरीवर लागतो. कॉपरबेल्ट समुद्रापासून दूर आहे. दार-ए-सलाम सुमारे दोन हजार किलोमीटर, दरबान त्याहूनही लांब. रस्ता, बंदर आणि जहाज मिळून दोन महिने सहज जातात. सप्टेंबर २००८ मध्ये टनाला ७,००० डॉलरने ३० टनांचे तात्पुरते बिल झाले असे धरले, तर हातात आले १,८९,००० डॉलर. नोव्हेंबरची सरासरी निघाली ३,७०० च्या आसपास, म्हणून अंतिम किंमत झाली १,११,०००. आता निर्यातदारानेच ७८,००० डॉलर परत करायचे, एका ट्रकमागे, आणि तेही नवा माल अर्ध्या भावाने जात असताना. धातूच्या मंदीत धडधाकट खाणीचीही रोकड एकाएकी आटते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

तांबे नसलेल्यांचे काय

तेजीच्या काळात झांबियाचे चलन क्वाचा वधारले. २००५ च्या सुरुवातीला एका डॉलरला ४,७०० च्या आसपास जुने क्वाचा मिळत, वर्षभराने ३,३०० च्या जवळ. कर्जमाफीची बातमी, तांब्याचे डॉलर आणि सरकारी रोख्यांत आलेला परकीय पैसा, तिन्ही एकत्र आले. शहरातल्या आयातदाराला हे बरे वाटले. गुलाबाची फुले आणि भाज्या युरोपला पाठवणाऱ्या शेतमळ्यांचे मात्र कंबरडे मोडले. १०,००० डॉलरच्या खेपेला आधी ४ कोटी ७० लाख क्वाचा येत होते, आता ३ कोटी ३० लाख. मजुरी, पाणी, वीज यांचा खर्च क्वाचातच होता आणि तो कमी झाला नव्हता. फुलांच्या धंद्यात एवढी मार्जिन नसतेच.

दुसरा फटका थेट चिनी कारखान्यांचा होता. काबवे इथली मुलुंगुशी कापड गिरणी मुळात चीनच्या मदतीने उभी राहिलेली आणि पुढे दोन्ही देशांच्या भागीदारीत चाललेली. स्वस्त आयात कपड्यांपुढे ती टिकली नाही आणि २००७ च्या सुमारास तिथले उत्पादन थांबले. कच्च्या मालाची मागणी वाढवणारा देश पक्क्या मालाचा स्पर्धकही असतो. व्यापाराच्या अटी, म्हणजे निर्यातीच्या भावाचे आयातीच्या भावाशी प्रमाण, सुधारल्या असे सांगणारा आकडा खरा असतो, कारण तांबे महाग झाले आणि कापड स्वस्त. पण त्या स्वस्त कापडामागे गिरणीतल्या नोकऱ्या गेल्या, त्या निर्देशांकात कुठेच नोंदल्या जात नाहीत. खाण यंत्रांवर चालते. गिरणीतून सुटलेला हात खाणीत सामावला जात नाही.

२०११ ते २०१६ : मागणी वाढतच होती

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. चीनची मागणी घटली म्हणून भाव पडला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. २०११ मध्ये चीनने सुमारे ८० लाख टन शुद्ध तांबे वापरले आणि २०१६ मध्ये ते ११० लाख टनांच्या पुढे गेले. याच पाच वर्षांत भाव १०,००० वरून जानेवारी २०१६ मध्ये ४,३०० च्या आसपास आला. मागणी तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढली आणि भाव निम्म्याहून खाली.

याचे कारण भाव कसा ठरतो त्यात आहे. चीन किती वापरतो एवढ्यावर तो ठरत नाही. चीन किती वापरेल या अंदाजावर ज्या खाणी उभ्या राहिल्या, त्यांचा माल आणि प्रत्यक्ष मागणी यांच्यातल्या फरकावर तो ठरतो. २००७ मध्ये चीनचा विकासदर १४ टक्क्यांवर होता. नोव्हेंबर २००८ मध्ये चीनने ४ लाख कोटी युआनचा प्रोत्साहन कार्यक्रम जाहीर केला आणि २०१० मध्ये विकासदर पुन्हा १० टक्क्यांच्या वर गेला. तो वेग धरून पेरूमध्ये, मंगोलियातल्या ओयू टोल्गोईत आणि खुद्द झांबियाच्या कालुम्बिलात पैसा ओतला गेला. तो माल २०१३ ते २०१६ या काळात बाजारात आला आणि तोवर चीनचा वेग ७ टक्क्यांवर उतरला होता. वाढ चालूच होती, पण दहाच्या वेगासाठी केलेला पुरवठा सातच्या वेगाला जड झाला.

शिवाय आयातीच्या आकड्यातले सगळे तांबे तारेत जात नव्हते. चीनच्या बंदरांवरच्या गोदामांत तांबे तारण ठेवून स्वस्त डॉलर कर्ज उचलण्याचा धंदा जोरात होता. जून २०१४ मध्ये छिंगदाओ बंदरात एकच माल अनेक बँकांकडे तारण ठेवल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि गोदामातल्या साठ्याकडे बाजार संशयाने पाहू लागला. केवळ आयातीचा आकडा पाहून मागणी मोजणाऱ्याची इथे फसगत होते. त्याच्या जोडीला साठे, वीजजाळ्यावरचा खर्च आणि नव्या बांधकामांची सुरुवात हेही पाहावे लागते.

भाव ३० टक्के उतरला तर सरकारचा महसूलही ३० टक्केच उतरेल असे वाटते. तसे होत नाही. उदाहरणादाखल उत्पादन खर्च टनाला ४,००० डॉलर, रॉयल्टी ६ टक्के आणि नफ्यावरचा कर ३० टक्के धरू. भाव ८,००० असताना रॉयल्टी ४८०, नफा ३,५२०, त्यावर कर १,०५६, म्हणजे सरकारला एकूण १,५३६. भाव ५,६०० झाला की रॉयल्टी ३३६, नफा १,२६४, कर ३७९, एकूण ७१५. भावातली ३० टक्के घट महसुलात ५३ टक्के होऊन येते. खाणीचा खर्च जितका जास्त, तितकी ही घट तीव्र. झांबियाच्या जुन्या भूमिगत खाणी खर्चिक आहेत.

सरकारने या घसरणीवर शोधलेला उपाय नको त्या वेळी आला. जानेवारी २०१५ पासून नफ्यावरचा खाणकर काढून टाकला आणि रॉयल्टी उघड्या खाणींना २० टक्के, भूमिगत खाणींना ८ टक्के केली. नफा दडवला जातो, विक्री दडवता येत नाही, हा त्यामागचा विचार होता आणि तो निराधार नव्हता. पण वरच्याच हिशेबात ५,६०० भावाला २० टक्के म्हणजे १,१२०, खाणीकडे उरतात ४८०. भाव ४,५०० झाला तर रॉयल्टी ९०० आणि खाण टनामागे ४०० डॉलर तोट्यात. लुम्वानाच्या मालक कंपनीने खाण थांबवण्याची घोषणा केली, तेव्हा जुलैमध्ये दर ९ आणि ६ टक्क्यांवर आणले गेले. पुढच्याच वर्षी भावानुसार ४ ते ६ टक्के अशी सरकती पट्टी आली. ती पट्टी २००८ मध्येच हवी होती.

तीन घाव एकाच बाजूने

२००५-०६ च्या कर्जमाफीने झांबियाचे परकीय कर्ज सुमारे ७ अब्ज डॉलरवरून १ अब्जाच्या आत आले होते. पाटी जवळजवळ कोरी झाली होती. तांब्याचा भाव चढा असताना सप्टेंबर २०१२ मध्ये झांबियाने ७५ कोटी डॉलरचे रोखे ५.३७५ टक्क्यांनी विकले. २०१४ मध्ये १ अब्ज, ८.५ टक्क्यांनी. जुलै २०१५ मध्ये, भाव पडत असताना, १.२५ अब्ज, ८.९७ टक्क्यांनी. हे दर वाचले तरी पुढचे कळते. तीन वर्षांत बाजाराने झांबियाकडे पाहण्याची नजर बदलली होती, पण कर्ज काढणे थांबले नाही. याशिवाय रस्ते, विमानतळ आणि ७५० मेगावॉटचा काफुए गॉर्ज लोअर जलविद्युत प्रकल्प यांसाठी चिनी कर्जे होती. २०१३ मध्ये सरकारी पगार सरासरी ४५ टक्क्यांनी वाढले होते. रस्ता अर्धवट थांबवता येतो, पगार खाली आणता येत नाही.

तीन रोख्यांचे मिळून वर्षाचे व्याज सुमारे २३.७ कोटी डॉलर. २०१२ च्या ५ क्वाचा दराने (हे नवे क्वाचा, २०१३ मध्ये हजार जुन्यांचा एक नवा झाला) ते ११९ कोटी क्वाचा झाले असते. २०२० अखेर डॉलर २० क्वाचाच्या पुढे होता, त्या दराने ४७५ कोटी. व्याजाचा दर तोच, डॉलरचा आकडा तोच, बोजा चौपट. आणि क्वाचा पडला कशामुळे? सुरुवात झाली ती तांब्याचा भाव पडल्यामुळे. निर्यातीत तांब्याचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास असलेल्या देशात भाव, महसूल आणि चलन या तीन वेगळ्या जोखमी नाहीत. ती एकच जोखीम तीन ठिकाणी दिसते. रोख्यांच्या जाहिरात-पत्रकात त्या तीन वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिलेल्या असतात, म्हणून वाचणाऱ्याला त्या वेगळ्या वाटतात.

२०१५ मध्ये पावसाने चौथा घाव घातला. करिबा धरणाची पातळी घसरली आणि देशात रोज आठ-आठ तास वीज जाऊ लागली. देशातली निम्मी वीज खाणी वापरतात, त्यामुळे भाव पडलेला असताना उत्पादनावरही मर्यादा आली. ऑगस्टमध्ये चीनने युआनचे अवमूल्यन केले, तांबे ५,००० च्या खाली गेले आणि वर्षाच्या सुरुवातीला साडेसहाच्या आत असलेला क्वाचा नोव्हेंबरमध्ये चौदापर्यंत घसरला.

चिलीशी तुलना इथे टाळता येत नाही. तिथे २००१ पासून खर्च चालू भावावर न ठरवता तांब्याच्या दीर्घकालीन भावावर ठरवतात आणि तो भाव सरकारबाहेरच्या तज्ज्ञांची समिती सुचवते. चढ्या वर्षांतली बचत २००८ अखेर सुमारे २० अब्ज डॉलर झाली होती, ती २००९ च्या मंदीत वापरली गेली. ग्राहक तोच होता, चीन. झांबियाला हे जसेच्या तसे जमले असते असे नाही. ०.६ टक्के रॉयल्टीतून बचत करायला आधी महसूल तर हवा. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी भावानुसार सरकणारी रॉयल्टी, मग बचतनिधी, मग कर्ज.

आकडेवारी वाचताना

झांबियाच्या निर्यातीच्या तक्त्यात अनेक वर्षे पहिल्या क्रमांकावर स्वित्झर्लंड दिसते. झांबियाचे तांबे आल्प्सच्या कुशीत जात नाही. तिथे नोंदलेल्या व्यापारी कंपन्या ते विकत घेतात आणि जहाज थेट आशियाकडे निघते. हा तक्ता पाहून चीनवरचे अवलंबित्व कमी आहे असा निष्कर्ष काढला तर तो सपशेल चुकतो. तांबे कोणाला विकले यापेक्षा त्याचा भाव कोणामुळे ठरतो ते पाहावे. सगळा माल युरोपला गेला असता तरी घसरण तेवढीच झाली असती.

पुढे काय झाले

ऑगस्ट २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने १.३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. जून २०२३ मध्ये कर्ज देणाऱ्या सरकारांशी ६.३ अब्ज डॉलरच्या फेररचनेवर सहमती झाली, त्यातले सुमारे ४.१ अब्ज एकट्या चीनच्या निर्यात-आयात बँकेचे. रोखेधारकांशी तडजोड व्हायला २०२४ उजाडले. तिन्ही जुन्या रोख्यांच्या जागी दोन नवे रोखे आले आणि त्यांतल्या दुसऱ्याची परतफेड देशाच्या कामगिरीशी जोडली आहे. निर्यात आणि महसूल अपेक्षेहून बरे निघाले, किंवा कर्ज पेलण्याची क्षमता वाढल्याचे नाणेनिधीने मानले, तर त्यावरचे व्याज वाढते आणि मुद्दलही लवकर द्यावे लागते.

सरकारने २०३१ पर्यंत उत्पादन वर्षाला ३० लाख टनांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्या आणि वीजजाळी यांची मागणी त्याला आधार मानली आहे. भाव चढून कमाई वाढली तर झांबिया कर्ज देणाऱ्यांना जास्त देईल, हे करारात लिहिले आहे. भाव पडला तर कमी देईल, असे कलम त्यात नाही.